स्वस्त कुऱ्हाडीतून चमचे तासण्याची कुऱ्हाड

लाकडी चमचा, डाव किंवा उलथने कोरायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चाकू येतो. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक लाकूड कुऱ्हाडीने निघते. ओल्या फांदीचा उभा फाळका घेऊन त्यातून चमच्याचा ढोबळ आकार निघेपर्यंत चाकूला हात लावायचा नसतो, आणि कुऱ्हाडीने जितके नेमके तासावे तितके पुढचे काम हलके होते. ओल्या लाकडातून कुऱ्हाड आणि चाकू एवढ्यावरच चमचा काढण्याची स्वीडनमधली रीत विले सुंडक्विस्ट (१९२५–२०१८) यांच्यासारख्या कारागिरांमुळे देशोदेशी गेली, आणि तिकडे खास तासण्यासाठी घडवलेल्या कुऱ्हाडीही मिळतात. मात्र त्या परदेशातून मागवायच्या तर हजारांत मोजावे लागतात आणि वर सीमाशुल्क भरावे लागते. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात किंवा रस्त्याकडेच्या लोहाराकडे पाचशे रुपयांच्या आत मिळणारी हातकुऱ्हाड या कामाला चालते का, असे मला अनेकदा विचारले जाते. चालते, आणि उत्तम चालते. फक्त आणली तशी चालत नाही.

नवी कुऱ्हाड लाकडावर चालवून पाहणाऱ्याचा अनुभव ठरलेला असतो. ती लाकडात शिरण्याऐवजी वरून निसटते, शिरलीच तर ढलपी निघण्याऐवजी लाकूड उभे फाटते, आणि फाटत गेलेली भेग नेमकी चमच्याच्या मानेत घुसते. यावर उपाय म्हणून माणूस धार लावत बसतो. धार लागतेही, कागद कापण्याइतकी लागते, तरी कुऱ्हाड निसटायची थांबत नाही, कारण दोष धारेत नसून धारेमागच्या जाडीत असतो. बाजारातली कुऱ्हाड जळण फोडण्यासाठी केलेली असते आणि त्या कामात तिने पाचरीसारखे लाकूड दोन बाजूंना रेटणे अपेक्षित असते. तासताना आपल्याला नेमके उलटे हवे असते: पात्याने लाकडाला टेकून चालावे आणि पातळ, लांब ढलपी उचलावी. तेव्हा आधी पाते पातळ करायचे आणि धारेचा विचार त्यानंतर, हा क्रम मोडून चालत नाही.

पाते किती पातळ करायचे हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा मोजून ठरवावे. व्हर्निअर कॅलिपर असल्यास उत्तम, नसल्यास दोन सरळ पट्ट्यांमध्ये पाते धरूनही अंदाज घेता येतो. धारेपासून सरळ १२ मिलिमीटर मागे खूण करून तिथली जाडी मोजावी. ती १० मिलिमीटर भरली तर दोन्ही उतारांमधला कोन सुमारे ४५ अंशांचा आहे. ८ भरली तर सुमारे ३७ अंशांचा. आणि ६ भरली तर सुमारे २८ अंशांचा. तासण्यासाठी हा शेवटचा आकडा हवा. ५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण २३–२४ अंशांपर्यंत, जाण्याचा मोह होतो, पण स्वस्त पोलाद इतक्या पातळ धारेला झेपत नाही आणि पहिल्याच गाठीवर धार वळते किंवा तिचा कपचा उडतो. मी आजवर मोजलेल्या नव्या कुऱ्हाडी बहुतेक ८ ते १० मिलिमीटरच्या निघाल्या आहेत.

विकत घेतानाच थोडी पारख केली तर पुढचे कष्ट निम्मे होतात. डोक्याचे वजन ५०० ते ६५० ग्रॅम असावे. त्याहून जड कुऱ्हाड अर्ध्या तासात मनगट दुखवते आणि फार हलकी कुऱ्हाड आपल्या वजनाने काम करत नाही, सगळा जोर हाताला लावावा लागतो. धार ८ ते ११ सेंटिमीटर लांब आणि किंचित गोलाईची असावी. लोखंडी नळीचा दांडा असलेली घेऊ नये, कारण तो तासून हाताजोगा करता येत नाही. मग कुऱ्हाड धार डोळ्यांकडे आणि दांडा पलीकडे जाईल अशी धरून एक डोळा मिटून पाहावे: धारेची रेघ दांड्याच्या मधोमध पडली पाहिजे. दांडा तिरका असेल तर तो बदलता येतो, पण तुंब्याचे (दांडा ज्यात बसतो त्या मागच्या जाड भागाचे) भोकच तिरके पडले असेल तर ती कुऱ्हाड खाली ठेवावी.

पोलादाची परीक्षा कानशीने होते. खिशात एक लहान, नवी, बारीक दातांची कानस ठेवावी आणि धारेच्या टोकाशी हलकेच एकदा ढकलून पाहावी, मग तीच कानस मागे तुंब्यावर ढकलावी. तुंबा मऊच असतो, तिथे कानस सहज रुतते. धारेवर तिने थोडा विरोध जाणवत, खरखरत चालावे. दोन्हीकडे सारखीच रुतली तर धारेला पाणी दिलेलेच नाही, म्हणजे तापवून, पाण्यात बुडवून ती कठीण केलेलीच नाही, असे समजावे. काचेवरून सरकावी तशी धारेवरून घसरली तर पाणी जास्त झाले आहे आणि तासताना कपचे उडतील. रंगवलेल्या, चकचकीत कुऱ्हाडींबाबत एक सवलत द्यावी लागते: कारखान्यात घासताना धारेचा शेवटचा एखाद-दोन मिलिमीटर तापून मऊ पडलेला असू शकतो, तेव्हा थोडे आत कानस लावून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

माझ्या हातातली सध्याची कुऱ्हाड रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या एका घिसाडी कुटुंबाकडून घेतली आहे. मी खिशातून कानस काढल्यावर दुकानदार सहसा कपाळाला आठ्या घालतात, तिथे घण मारणारी बाई मात्र घाम पुसत म्हणाली, "घासून बघा की, पाणी दिलेलं हाय." गाडीच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून घडवलेली ती कुऱ्हाड होती. तिच्या नवऱ्याने पुढची कुऱ्हाड माझ्यासमोर पाजली, म्हणजे तिला पाणी दिले. लाल झालेल्या पात्याची फक्त धारेकडची दोनेक बोटे पाण्यात बुडवली, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धारेजवळचा पट्टा घासून उजळ केला आणि तो एकटक पाहत राहिला. तुंब्यात उरलेली उष्णता धारेकडे सरकू लागली तसा उजळ पट्ट्यावर आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळट रंग चढत गेला, आणि जांभळा धारेला टेकताच त्याने सबंध पाते पाण्यात सोडले. यंत्राशिवाय आणि तापमापकाशिवाय केलेले हे काम अनेक छापील शिक्क्यांपेक्षा भरवशाचे निघते, असे माझे मत आहे. आपल्याकडची कुऱ्हाड मऊ निघाली तर घरी भट्टी पेटवण्याच्या फंदात न पडता ती अशाच एखाद्या लोहाराकडे शेवटायला (तापवून, ठोकून धार नव्याने काढायला) आणि पाजायला द्यावी, आणि देतानाच पाते पातळ ओढायला सांगावे. कानशीचे दोन तास तिथेच वाचतात.

आता प्रत्यक्ष काम. दांडा सैल असेल तर काढून, नसेल तर तसाच ठेवून, कुऱ्हाड व्हाइसमध्ये लाकडी फळ्यांच्या मध्ये आडवी आवळावी. व्हाइस नसेल तर जाड फळीवर दोन सी-क्लॅम्पनी आवळली तरी चालते. हातात धरून मात्र घासू नये. सर्वांत आधी जे करायचे ते विचित्र वाटेल: आहे ती धार मारायची. बारीक कानस धारेवर काटकोनात धरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, धारेच्या जागी अर्धा मिलिमीटर रुंदीची सपाट, चमकणारी रेघ तयार करावी. याचे दोन फायदे होतात. एक, पुढचे दोन तास आपली बोटे ज्या धारेशेजारून फिरणार आहेत ती कापणारी राहत नाही. दुसरा अधिक महत्त्वाचा: ही पांढरी रेघच आपले माप होते. दोन्ही बाजूंनी घासत जाताना ती सगळीकडे सारखी बारीक होत गेली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती लवकर नाहीशी होऊ लागली तर तिथे हात थांबवावा, नाहीतर धारेला खळगा पडतो.

कानस १० इंची बास्टर्ड (मध्यम खरखरीत दातांची) घ्यावी, मुठीसकट, आणि शक्यतो नवी. इथे काटकसर करून जुनी बोथट कानस वापरणाऱ्याचा अर्धा दिवस जातो. कानस फक्त पुढे ढकलताना कापते, त्यामुळे परत आणताना ती उचलून आणावी, ओढत आणल्यास दात मरतात. दातांत आधी फळ्यावरचा खडू चोळून ठेवला तर लोखंडाचा चुरा अडकत नाही आणि पात्यावर खोल ओरखडे उठत नाहीत. तरी अधूनमधून तारेच्या ब्रशने दात झाडावेतच. घासण्याआधी पात्याची बाजू काळ्या मार्करने रंगवावी. चार-पाच हात मारल्यावर काळे कुठे पुसले गेले आणि कुठे राहिले हे पाहिले की कानस नेमकी कुठे टेकते आहे हे कळते, आणि बहुतेक वेळा ती आपल्याला वाटते त्याहून धारेच्या बरीच जवळ टेकत असते. सुरुवातीला ती मुद्दाम मागे, धारेपासून १२ ते १५ मिलिमीटरवर, टेकवून तिथला फुगवटा उतरवावा आणि हळूहळू धारेकडे यावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी बाजू बदलावी, म्हणजे दोन्ही उतार सारखे राहतात.

हा उतार सपाट हवा, फुगीर नको. चाकूने लाकूड सोलताना चाकूचा उतार लाकडावर टेकवून आपण जसे पाते चालवतो, तसेच कुऱ्हाडीचेही असते. सपाट उतार लाकडावर टेकतो आणि घाव कुठे जाणार हे हाताला आधीच कळते. फुगीर उताराची कुऱ्हाड लाकडाला एका बिंदूतच स्पर्श करते आणि म्हणूनच निसटते. स्टीलची पट्टी उतारावर आडवी धरून मागून उजेड पाहावा. मधून उजेड दिसत नाही आणि पट्टी डुलत नाही, म्हणजे उतार सपाट झाला. उतार संपून जिथे पात्याचा गाल सुरू होतो तिथला कंगोरा मात्र गोल करून टाकावा, अन्यथा खोल घावात तोच अडतो. उजव्या हाताने तासणाऱ्या काही जणांना लाकडाकडची बाजू अधिक सपाट आणि रुंद, तर बाहेरची किंचित फुगीर आवडते. पहिल्या कुऱ्हाडीला दोन्ही बाजू सारख्याच ठेवाव्यात, कारण हात बसण्यापूर्वी केलेला असा बदल परत फिरवता येत नाही.

कानशीऐवजी ग्राइंडर वापरला तर हेच काम दहा मिनिटांत होते, आणि दहा सेकंदांत बिघडतेही. माझी पहिली कुऱ्हाड मी बेंच ग्राइंडरवर धरली आणि ठिणग्यांच्या नादात पाहत राहिलो. चाक थांबवले तेव्हा ऐन धारेवर बोटभर लांबीचा मोरपिशी निळा डाग होता. पोलादावर गव्हाळ रंग सुमारे २२० अंश सेल्सिअसला आणि निळा सुमारे ३०० अंशांना येतो. लोहार पाते पाजताना त्या रंगांच्या अलीकडे-पलीकडेच थांबतो, तेव्हा निळा उमटला की त्या जागचे पाणी थोडेफार उतरलेच असे धरावे. आणि कागदाएवढ्या पातळ धारेवर उष्णता पुढे किती चढली हे रंग पुसल्यावर कळतही नाही. तो डाग घालवायला मला धारेचे तीन मिलिमीटर कानशीने मागे न्यावे लागले. ज्यांना ग्राइंडर वापरायचाच आहे त्यांनी तो फक्त मागच्या गालावरचा जाडसरपणा काढण्यापुरता, पाते दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत आणि उघड्या बोटाला सोसवेल इतकेच गरम होऊ देत वापरावा. शेवटचे पाच मिलिमीटर कानशीसाठी ठेवावेत.

पांढरी रेघ केसाएवढी उरली की कानस ठेवून द्यावी. धार लावण्यापूर्वी आकारातले दोन लहान बदल करून घेणे सोयीचे असते, कारण नंतर धारदार पात्याशी झटावे लागते. पहिला बदल पात्याच्या खालच्या, हाताकडच्या बाजूला. चमच्याच्या मानेसारखी नाजूक जागा तासताना मूठ अगदी डोक्यापर्यंत सरकवून धरावी लागते आणि तर्जनी पात्यामागे टेकते. बाजारच्या कुऱ्हाडीत तिथे जागाच नसते. पाते आणि दांडा यांच्यामधला कोपरा हॅक्सॉने कापून अर्धगोल कानशीने गोल केला की बोट बसते. हा भाग पाणी न दिलेला असल्याने ब्लेड सहज चालते, मात्र धारेपासून दोन सेंटिमीटरच्या आत जाऊ नये. दुसरा बदल म्हणजे तुंब्याच्या सगळ्या टोकदार कडा मारणे. तिथे तळहात टेकतो, शिवाय फांदी उभी फोडताना तुंब्यावर लाकडी ठोकळ्याने ठोकावे लागते. लोखंडी हातोड्याने कधीही ठोकू नये. तुंबा पसरतो आणि दांडा कायमचा हलू लागतो.

धार लावण्याचे काम त्या मानाने थोडे आहे. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा, एक खरखरीत आणि एक बारीक असा कार्बोरंडमचा दगड मिळतो, तो पुरेसा आहे. कुऱ्हाड स्थिर धरून दगड फिरवावा, कुऱ्हाड दगडावर फिरवू नये. गोल धारेवर हेच सोपे पडते. दगडावर पाणी किंवा रॉकेल सोडून, तो उतारावर सपाट टेकवून, लहान वर्तुळांत एका टोकाकडून दुसऱ्याकडे जावे. काही वेळाने पलीकडच्या बाजूला नखाला अडेल अशी बारीक कड उभी राहते, तिला कारखान्यात बर म्हणतात. ती धारेच्या संपूर्ण लांबीवर जाणवेपर्यंत बाजू बदलायची नाही. अर्ध्यावर बदलणाऱ्याची कुऱ्हाड नेहमी एका टोकाला बोथट राहते. दोन्ही बाजूंनी बर आली की बारीक बाजूने तेच करावे, आणि त्यानंतर सपाट लाकडी पट्टीवर चिकटवलेला ४००, ८०० आणि १५०० नंबरचा वॉटर पेपर, प्रत्येक वेळी गालाकडून धारेकडे ओढत. उलट दिशेने ओढल्यास कागद फाटतो. शेवटी जुन्या कंबरपट्ट्याचे चामडे पट्टीवर चिकटवून, त्यावर भांड्यांच्या पॉलिशसाठी मिळणारा हिरवा बफिंगचा साबण चोळून, न्हावी वस्तरा फिरवतो तसे दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस हात मारले की धार पुरी होते. सुबाभूळ किंवा वाळलेली बाभूळ तासायची असेल तर शेवटचे पाच-सहा हात दगड केसभर उचलून मारावेत; डोळ्यांना न दिसणारा तो दुसरा उतार धारेला टिकाव देतो.

अंगावरचे केस कापून धार दाखवण्याची हौस असते, पण चमच्याच्या कामाला ती परीक्षा फारशी उपयोगी नाही. पेरूची अंगठ्याएवढी ओली फांदी घेऊन तिला तिरका काप द्यावा. कापलेला पृष्ठभाग ओल्या साबणासारखा गुळगुळीत दिसला तर धार योग्य आहे. त्यावर बारीक रेघा दिसल्या तर त्या रेघांच्या जागी धारेला दाते आहेत. आणि तंतू पिसारल्यासारखे उभे राहिले तर बर पूर्ण निघालेली नाही, पुन्हा चामड्यावर जावे.

दांड्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. दुकानातला दांडा गोल, जाड आणि वार्निशने गुळगुळीत असतो, त्यामुळे पात्याचे तोंड कुठे आहे हे हाताला कळत नाही आणि घामाने पकड सुटते. तो लंबगोल करावा, साधारण ३५ मिलिमीटर बाय २२ मिलिमीटर, म्हणजे बोटांची टोके तळहाताला टेकू लागतात आणि डोळे मिटूनही धारेची दिशा समजते. लांबी ३५ सेंटिमीटरपर्यंत कापून टाकावी. लांब दांडा तासताना कोपराला लागतो. लाकडाच्या कानशीने आकार देऊन, फुटक्या काचेच्या कडेने वार्निशसकट खरवडून, कच्चे जवसाचे तेल दोन-तीन वेळा पाजावे. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नये, ती आपोआप पेटू शकते. उघड्यावर पसरून वाळवावी. नवा दांडा घालायचा झाला तर धावडा, धामण किंवा बाभूळ घ्यावी, आणि दांड्याचे तंतू तुंब्यापासून मुठीपर्यंत अखंड जातात की मध्येच बाजूला निघतात ते पाहावे. दांडा सैल झाला की कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे. लाकूड फुगते, दांडा घट्ट होतो, पण फुगताना तुंब्यात दबलेले तंतू वाळल्यावर पूर्वीपेक्षा जास्त आक्रसतात आणि आठवड्याने दांडा अधिकच हलतो. पावसाळ्यात घट्ट वाटणारा दांडा एप्रिल-मेमध्ये हमखास सैल पडतो, तेव्हा नवी पाचर उन्हाळ्यातच ठोकावी.

तासताना ओंडका मांडीच्या मध्यापर्यंत येईल इतका उंच असावा, चमच्याचे लाकूड त्याच्या पलीकडच्या कडेजवळ टेकवावे, आणि ते धरणारा हात नेहमी घावाच्या वर राहावा. सुरुवातीला पेरू, जांभूळ, शिवण यांच्या ८ ते १० सेंटिमीटर जाडीच्या ताज्या फांद्या घ्याव्यात. पावसाळ्यापूर्वी वीजवाहिन्यांखालच्या फांद्या छाटल्या जातात तेव्हा त्या भरपूर मिळतात. आंब्याचे लाकूड चांगले, पण त्याचा चीक काहींच्या कातडीला बाधतो. कण्हेर विषारी आहे, तिचा चमचा करू नये.

काम झाल्यावर पाते पुसून तेलाचा हात फिरवावा, आणि बागेच्या जुन्या पाइपचा धारेएवढा तुकडा उभा चिरून धारेवर चढवावा. रोजच्या वापरात दर तासाभराने चामडे आणि आठवड्याने बारीक कागद एवढे पुरते. मात्र प्रत्येक धारेबरोबर लोखंड थोडे मागे जाते आणि धार पात्याच्या जाड भागाकडे सरकते. म्हणून वर्षातून दोनदा ती १२ मिलिमीटरची खूण पुन्हा करावी, आणि तिथली जाडी ७ मिलिमीटर भरली की दगड बाजूला ठेवून कानस काढावी.